बर्लिनच्या तळघरातली ‘रद्दी’

बर्लिनला जाऊन पोस्टाची तिकिटं बघायची? तीही शनिवारी? ग्रुपने मला चक्क वेड्यात काढलं. पण बॉस, माझा एक जुना हिशेब बाकी होता. तीन वर्षांपूर्वी घर शिफ्ट करताना बाबांचा तिकिटांचा अल्बम मी रद्दीवाल्याला देऊन टाकला होता. चुकून नाही, कंटाळून! बाबा काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

श्टाटमिटे मेट्रो स्टेशनवरून चालत निघालात की थोड्याच वेळात म्युझियम फॉर कम्युनिकेशन येतं. १८७२ साली पोस्टाचं म्युझियम म्हणून सुरू झालेलं. हॉलमध्ये रोबो फिरतात, पण खरा खजिना तळघरात! तिथल्या मंद उजेडात मॉरिशसची १८४७ची लाल आणि निळी तिकिटं आहेत, जगप्रसिद्ध. माझ्या डोक्यात मात्र विमानात वाचलेल्या जर्मन तिकिटांच्या गोष्टी घोळत होत्या.

पहिला मान ‘काळा एक्का’चा. बव्हेरियाने १८४९ साली काढलेलं हे पहिलं जर्मन तिकीट. काळ्यावर काळा शिक्का दिसेना, म्हणून पुढच्याच वर्षी गुलाबी आलं.

मग सॅक्सनीचं १८५०चं लाल तिकीट, किंमत ३ फेनिग. ते लागायचं वर्तमानपत्राच्या कागदी पट्टीवर. पेपर उघडला की पट्टी फाटायची, तिकीटही फाटायचं! पुढच्या वर्षी उरलेला साठा जाळला. म्हणूनच आज ते इतकं दुर्मिळ.

बाडेनची तर चूकच लाखमोलाची. १८५१मध्ये ९ क्रॉयझरचं तिकीट गुलाबीऐवजी ६ क्रॉयझरच्या हिरवट कागदावर छापलं गेलं. आज अशी फक्त चार माहीत आहेत, त्यातलं एक याच म्युझियमच्या संग्रहात.

आणि आपली ऑड्री हेपबर्न! २००१ साली तिची १.४ कोटी तिकिटं छापली. ओठांत सिगारेट होल्डर बघून मुलाने परवानगी नाकारली आणि तिकिटं नष्ट झाली. त्यातून वाचलेली दहा तिकिटांची एक शीट २०१०मध्ये बर्लिनच्या लिलावात ४ लाख ३० हजार युरोंना गेली. पैसे मुलांसाठीच्या मदतकार्याला!

फाटलेली, चुकलेली, जाळलेली... लोकांनी टाकून दिलं, म्हणून उरलेल्याला मोल आलं. पण बाबांच्या अल्बमला हा हिशेब लागू नव्हता. त्यात कोट्यवधींचं काही नव्हतं. ऑफिसातल्या पाकिटांवरची, कोमट पाण्यात भिजवून सोडवलेली तिकिटं होती ती. प्रत्येक पाकीट कुठून आलं, हे त्यांना पाठ होतं.

बाहेर पडल्यावर एक पोस्टकार्ड घेतलं, तिकीट लावलं आणि मागे एकच शब्द लिहिला, ‘सॉरी’.

दोन आठवड्यांनी बाबांचा फोन. “अगं, कार्ड पोचलं. शिक्का काय स्वच्छ पडलाय!” मग जरा थांबून, “नवा अल्बम कुठे मिळतो गं हल्ली?”