अस्वलाचे नाव आणि एक क्रियापद

अर्थविचार शिकवताना मी अस्वलाचे उदाहरण हटकून देतो. संस्कृत 'ऋक्ष' आणि ग्रीक 'आर्क्टोस' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज. रशियनमध्ये मात्र तो शब्द उरला नाही. नाव उच्चारताच प्राणी समोर उभा राहील, या धास्तीने तो टाळला गेला असावा, असे अभ्यासक मानतात. त्याच्या जागी आला 'मेद्व्येद', म्हणजे 'मध खाणारा'. (आपल्याकडे रात्री सापाला 'लांबडे' म्हणतात, ते याच जातीचे.)

आज नाव निर्धास्त घेतले जाते. टाळले जाते ते क्रियापद. २०१५ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने काळ्या अस्वलांची शिकार खुली केली. दोनच दिवसांत सुमारे ३०० अस्वले मारली गेली आणि शिकार थांबवावी लागली. तेथील शासकीय भाषेत या संख्येला 'हार्वेस्ट', म्हणजे पिकाची कापणी, म्हणतात. पेरणी कोणी केली होती?

तरीही शिकारीच्या बाजूचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. रोमानियात जुलै २०२४ मध्ये डोंगरवाटेवर एका तरुणीचा अस्वलाने बळी घेतला. त्यानंतर संसदेने त्या वर्षी ४८१ अस्वले मारण्यास मंजुरी दिली. पायथ्याशी राहणाऱ्या आईबापांना कोणत्या तोंडाने धीर धरा म्हणावे? कचरापेट्यांचा बंदोबस्त मला अधिक रास्त वाटतो. तो अपुरा पडेल तेथे मारावेही लागेल. मात्र अहवालात 'संख्यानियंत्रण' न लिहिता 'मारली' असे लिहावे, आणि त्यांत पिल्ले पाजणाऱ्या माद्या किती होत्या, तेही. फ्लोरिडात त्या होत्या.