टिचकी

मडके विकत घेताना जाणता माणूस ते नुसते डोळ्यांनी पाहत नाही, टिचकी मारून पाहतो. पक्के मडके खणखणते. बारीक तडा गेलेले बद्द वाजते. बाहेरून मात्र दोन्ही सारखीच. बंगळुरूत जन्मलेल्या सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० साली कृष्णविवराला अशीच टिचकी मारली, अर्थात समीकरणांतून.

तेव्हा ते अमेरिकेत संशोधन करीत होते. मेरीलँड विद्यापीठात चार्ल्स मिस्नर हे त्यांचे मार्गदर्शक होते. कृष्णविवर हा शब्द नुकता रुळू लागला होता आणि अशी वस्तू खरोखर आहे की नाही, याविषयी अनेकांना शंका होती. जराशा धक्क्याने हे विवर विस्कटून जाईल का, हा त्यांचा पहिला प्रश्न. ते विस्कटत नाही, असे गणिताने दाखविल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला : जे प्रकाशच देत नाही, ते ओळखायचे कसे? विश्वेश्वरांनी त्याच्यावर गुरुत्वीय लहरींचे स्पंद सोडले आणि परतून काय येते ते तपासले. रुंद स्पंद जवळजवळ जसाच्या तसा परतला. परंतु स्पंदाची रुंदी विवराच्या आकाराइतकी किंवा त्याहून कमी होताच परतलेल्या लहरीत एक ठरावीक थरथर उमटली आणि विरत गेली. स्पंद आणखी अरुंद केला तरी ती थरथर बदलेना. ती टिचकीची नव्हतीच. ती विवराची स्वतःची होती.

प्रत्यक्ष पुराव्याला पंचेचाळीस वर्षे लागली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानांची दोन विवरे एकरूप झाल्याचा संदेश लायगोच्या दोन्ही वेधशाळांत पोहोचला. नव्या, सुमारे ६२ सौर वस्तुमानांच्या विवराची थरथर सेकंदाला साधारण २५० कंपनांची होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही वार्ता जाहीर झाली, तेव्हा विश्वेश्वरा ७७ वर्षांचे होते. बंगळुरूच्या तारांगणाचे हे संस्थापक-संचालक, हौसेने व्यंगचित्रे काढणारे गृहस्थ, १६ जानेवारी २०१७ रोजी निवर्तले. नाद कानी पडल्यावर गेले, एवढे समाधान.

त्या नादाला आज दुसरेही महत्त्व आले आहे. आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेत विवराच्या गाभ्याशी गणित कोलमडते, आणि १९९८ पासून ज्ञात असलेले विश्वाचे वेगाने वाढत जाणारे प्रसरणही काहींना त्या सिद्धांतात दुरुस्ती सुचवते. अशा दुरुस्त्यांतून गुरुत्वाचे अनेक सुधारित सिद्धांत निघाले. त्यांतील मौजेची आणि अडचणीचीही बाब ही, की ‘एफ-आर’ कुळातील कित्येक सिद्धांतांत स्थिर विवर अगदी आइन्स्टाइनच्या विवरासारखेच असू शकते. क्षितिजाचा आकार तोच, भोवतालच्या कक्षा त्याच. नुसते पाहून फरक करणे अशक्य. टिचकीशिवाय इलाज नाही.

आणि टिचकीत फरक पडतो. न फिरणाऱ्या विवराची कंपने दोन जातींची असतात, अक्षीय आणि ध्रुवीय. दोहोंची समीकरणे दिसायला एकमेकांहून फार वेगळी, तरीही एस. चंद्रशेखर आणि स्टीव्हन डेटवायलर यांनी १९७५ मध्ये दाखविले, की दोहोंच्या वारंवारता आणि विरण्याचा वेग तंतोतंत एक आहेत. दोन वेगळ्या वाद्यांतून एकच स्वर निघावा, असा हा प्रकार आहे. सुधारित सिद्धांतांत हे जुळेपण बहुधा टिकत नाही, कारण तेथे गुरुत्वाबरोबर एक जादा क्षेत्रही थरथरू लागते. एफ-आर सिद्धांतात ते ध्रुवीय कंपनांशी सलगी करते आणि अक्षीयांना शिवतही नाही. चर्न-सायमन्स सिद्धांतात नेमके उलटे. २०१७ साली सोहम भट्टाचार्य आणि एस. शंकरनारायणन या भारतीय अभ्यासकांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा आधार घेऊन मांडले, की अशा सिद्धांतांत गुरुत्वीय लहरीच्या दोन ध्रुवीकरणांत तफावत पडेल, आणि ती तफावत मोजण्याचे एक मापही त्यांनी सुचविले.

मोजणे मात्र महाकठीण. २०१५ च्या त्या विवराचे एक कंपन पुरे व्हायला सुमारे ४ मिलिसेकंद लागत होते आणि नाद विरायलाही जवळपास तेवढाच वेळ. घंटा म्हणावी तर फारच अल्पायुषी! १४ जानेवारी २०२५ रोजी टिपलेला, साधारण तशाच विवरांचा संदेश कितीतरी अधिक स्पष्ट होता. त्यात मूळ स्वरासोबत त्याहून लवकर विरणारा दुसरा स्वरही ओळखता आला, आणि मोजमापाच्या मर्यादेत दोन्ही आइन्स्टाइनच्या बाजूने गेले. मडके अजून तरी पक्केच वाजते आहे.

दोन ध्रुवीकरणांची तुलना करण्यात आणखी एक अडसर आहे. अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळांच्या भुजा मुद्दामच जवळजवळ एकाच रोखाने ठेवल्या आहेत. खरा संदेश पारखायला ते उपयोगी, पण दोघी मिळून लहरीचे जवळपास एकच अंग ऐकतात. दुसरे अंग वेगळे करायला पृथ्वीच्या पाठीवर दूर आणि वेगळ्या रोखाने बसविलेली वेधशाळा हवी. इटलीतील व्हर्गो त्या कामी साहाय्य करते. हिंगोली जिल्ह्यातील औंढ्याजवळ उभ्या राहावयाच्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अंदाजित खर्च २,६०० कोटी रुपये, आणि तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील.