कळीचा मुद्दा

मराठी भाषेने ‘कळ’ या एवढ्याशा शब्दावर किती ओझे टाकले आहे! कळ दाबली की दिवा लागतो. कळ आली की माणूस कळवळतो. कुणी कळ लावली की दोन घरांतली बोलाचाली बंद होते. आणि घाई करणाऱ्याला वडीलधारी माणसे सांगतात, ‘जरा कळ काढ.’ या सगळ्या कळांशी माझी लहानपणापासून ओळख होती. संगणकाच्या कळफलकावरची कळ मात्र फार उशिरा भेटली. तिच्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा प्रपंच.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार, आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाते. सकाळच्या तासिका संपल्या की मी तहसील कचेरीच्या रस्त्यावर एका झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात बसते. दुकान ते केवढे! एक झेरॉक्स यंत्र, एक संगणक, दोन खुर्च्या आणि बाहेर एक बाकडे. पण त्या बाकड्यावर अख्खा तालुका येऊन बसतो. कुणी चासनळीचा, कुणी पोहेगावचा, कुणी संवत्सरचा. कुणाला वारसनोंद हवी, कुणाला उत्पन्नाचा दाखला, कुणाचे बांधावरून भांडण.

त्या एका संगणकावर आम्ही तिघे काम करतो आणि तिघांच्या तीन तऱ्हा. दुकानाचे मालक काका जुन्या टंकलेखन यंत्रावर शिकलेले. त्यांची मांडणी रेमिंग्टनची. ‘कि’ लिहायचे तर ते आधी वेलांटी मारतात आणि मग क. मी शिकले इनस्क्रिप्ट. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही मांडणी १९८६ साली ठरवली आणि १९८८ मध्ये सुधारली. तिच्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि अक्षरे उच्चाराच्या क्रमाने. म्हणजे आधी क, मग वेलांटी. तिसरा आमचा सहकारी रोमन अक्षरे बडवतो आणि पडद्यावर मराठी उमटते. काका म्हणतात, ‘तिघं तीन वाटांनी जाता आणि एकाच देवळात पोचता, हे बरंय!’

आम्ही अर्ज लिहितो तो लिब्रेऑफिस रायटरमध्ये. एके दिवशी त्याच्या टूल्स मेनूत मला ‘कस्टमाइज’ हा शब्द दिसला. उघडले, तर आत मेनूंची यादी, कळांची यादी, आणि प्रत्येक कळीसमोर तिचे काम लिहिलेले. ते काम बदलता येत होते! काही थोड्या कळा राखीव असतात, त्या करड्या अक्षरांत दिसतात, बाकीच्या आपल्या. मेनूतल्या कामांची नावेही बदलता येतात आणि स्वतःचा नवा मेनूही मांडता येतो.

मित्रहो, तुम्हांला यात विशेष वाटणार नाही. पण माझ्यासारखीचा आजवरचा अनुभव असा, की जिथे गेले तिथे बदलायचे ते मीच. शाळेत गेले, बोली बदलली. महाविद्यालयात आले, बसण्या-उठण्याची रीत बदलली. अर्जातले रकानेसुद्धा असे, की आपले आयुष्य कापून त्यांत बसवावे लागते. इथे पहिल्यांदाच एक वस्तू मला म्हणत होती, की बाई, तुला अडत असेल तर मी बदलते.

आईला हे सांगितले तेव्हा तिला मुळीच नवल वाटले नाही. तिचे खुरपे वेगळे असते. मूठ तिच्या पंजाच्या मापाची, वर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. ते ती कुणाला देत नाही आणि दुसरीचे घेत नाही. ‘दिसभर हातात धरायचं, तर हाताला नको का बसाया?’ एवढेच ती म्हणाली. इंग्रजी नावाच्या त्या खिडकीचा अर्थ मला याहून सोपा कुणी सांगितला नसता.

मग मी कामाला लागले. पीडीएफ काढण्याच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या जागी ‘पीडीएफ काढा’ असे लिहिले. ‘अर्ज’ नावाचा नवा मेनू केला. त्यात वारसनोंद, रहिवासी दाखला, शेतरस्ता अशी नावे. नावावर टिचकी मारली की त्या अर्जाचा सांगाडा कागदावर उतरतो. त्यासाठी मॅक्रो लागतात, म्हणजे एकदा करून दाखवलेली कामांची साखळी. सांगाड्यात नावाच्या जागी मी नुसती टिंबे ठेवली आहेत, म्हणजे आधीच्या माणसाचे नाव पुढच्याच्या अर्जात राहण्याची भीती नको.

२०२४ साली आपल्या जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुन्या नमुन्यांत नवे नाव घालण्यासाठी मी एक कळ नेमली. हा बदल आपोआप होईल अशीही सोय आहे, पण ती मी ठेवली नाही. जुन्या दस्तातला उतारा घेताना त्या काळचे नाव जसेच्या तसे लागते. म्हणून कळ दाबली तरच नाव बदलते.

मात्र एका शब्दाची दुरुस्ती मी आपोआप होऊ दिली आहे. तो शब्द ‘शेतकऱ्यांच्या’. आपल्या तालुक्यातल्या अर्जांत हा शब्द किती वेळा येतो ते सांगायला नको. इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी जे या कळीवर ‘र’ आहे आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ‘ऱ’. साधा र घेऊन त्याला हलन्त आणि य जोडला, तर तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि ‘शेतकर्यांच्या’ असा शब्द तयार होतो. आचार्यांच्या डोक्यावर रफार शोभतो. आचाऱ्यांच्या डोक्यावर दिला तर स्वयंपाक करणारा एकदम प्राध्यापक होतो! गुरुजनांनी या विनोदाबद्दल क्षमा करावी. पण ज्याच्या नावाने अर्ज आहे त्याचा शब्दच मोडका जावा, हे मला पटत नाही.

या उद्योगाला काकांनी एकच अट घातली. ‘पोरी, काय बदलायचं ते बदल. पण माझ्या हाताला अडलं नाही पाहिजे.’ तेव्हा बदल करण्यापूर्वीच आम्ही संगणकावर तिघांची तीन खाती केली. माझ्या कळांची यादी एका फाइलमध्ये साठवता येते. ती मी पेन ड्राइव्हवर ठेवते. उद्या दुसऱ्या संगणकावर बसले तर ती तिथे चढवता येते, आणि उठताना पूर्ववत करता येते.

काकांची ही अट काही कोपरगावातच निघाली असे नाही. अमेरिकेत एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत टेको नावाचा एक संपादक होता. संपादक म्हणजे मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा प्रोग्राम. आपल्या नियतकालिकाच्या संपादकांनी गैरसमज करून घेऊ नये. त्यात कळांना हवी ती कामे जोडण्याची सोय झाली आणि ज्याने त्याने आपापला संच बांधला. परिणाम असा झाला, की एकाच्या जागेवर दुसरा बसला की त्याला काही उमगेना. शेवटी गाय स्टील आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी पुढाकार घेतला आणि सगळ्यांच्या संचांतले उपयोगी ते निवडून एक समान संच झाला. तो १९७६ सालचा ईमॅक्स. त्यातही ज्याला हवे त्याने पुढे बदल करावेत, ही मुभा राहिलीच.

आपण रोज वापरतो त्या नक्कल करण्याच्या आणि चिकटवण्याच्या आज्ञाही आकाशातून पडलेल्या नाहीत. ज्या कंपनीच्या नावाने आपण ‘झेरॉक्स’ काढतो, तिच्याच पार्क या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात त्या घडवल्या. टेस्लर २०२० साली वारले. त्यांचे नाव ठाऊक नसलेले आपण सर्वजण रोज त्यांच्याच वाटेने जातो.

आता कळा ज्याच्या त्याच्या झाल्या, तर अक्षरांचे काय? काकांकडे जुन्या फाँटमधल्या काही फाइली आहेत. तो फाँट संगणकावर नसला, की मराठी अर्जाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कारण त्या फाँटने मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या घरांत बिऱ्हाडाला ठेवली होती. युनिकोडने आपल्या लिपीला स्वतःची घरे दिली. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. पण ‘ॲडमिशन’मधल्या ‘ॲ’ला स्वतंत्र घर मिळायला २००८ साल उजाडले. आम्ही तेव्हा अंगणवाडीतही गेलो नव्हतो! आज काका वेलांटी आधी मारोत की मी नंतर, कागदावर उमटणारा आणि साठवला जाणारा ‘कि’ एकच. मूठ ज्याची त्याची असावी, अक्षर मात्र सर्वांचे एकच असावे, असे मला वाटते ते यामुळे.

पण मुठीचीही सवय फार लागू देऊ नये. मध्यंतरी एक आजी आल्या. शेताची वाट शेजाऱ्याने नांगरून टाकली होती. मी मेनूतून ‘शेतरस्ता’ निवडला. ‘सदर रस्ता अडविल्यामुळे गैरसोय होत आहे’ हे वाक्य तयारच होते. मी ते वाचून दाखवले. आजी म्हणाल्या, ‘गैरसोय न्हाई बाई. वाट बंद केली म्हंजी माझे पायच तोडले, आसं लिही.’ काका म्हणाले, ‘आजी, कचेरीत असलं चालत नाही.’ आजी काही बोलल्या नाहीत, नुसत्या पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हते.

मी तयार वाक्य खोडले आणि त्यांचे वाक्य एकेक अक्षर दाबून लिहिले. त्याला कुठलीही आखूड वाट नव्हती. वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘हां, हे माझंच हाये.’ काकांनीही मग काही खोडायला सांगितले नाही. आजींनी अंगठा दिला आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला.

अर्जाचे वरचे ‘प्रति’ आणि खालचे ‘आपला विश्वासू’ मी कळीवर सोपवले आहे, आणि त्यामुळे वाचलेला वेळ मधल्या परिच्छेदाला देते. तो परिच्छेद मेनूत घालायचा नाही, असे मी ठरवून टाकले आहे. माझ्यापुरता कळीचा मुद्दा एवढाच आहे.

— द्वितीय वर्ष, कला