गेटपास

बोईसर, रात्रीचे साडेअकरा. तारापूर एमआयडीसीतून आल्यापासून एकाच गोष्टीला चिकटून बसलोय. लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू सर्व्हर चढवलाय. आतून इंटरनेट झकास चालतं; पण त्याच लॅपटॉपच्या विंडोजवरून पिंग मारला की 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. मशीन माझ्याच मांडीवर, आणि मलाच भेटत नाही!

आतला पत्ता पाहिला: १०.०.२.१५. तिथं ट्यूब पेटली. हे नॅट. आमच्या गेटवरचा वॉचमनच तो: आतला माणूस चहाला जाऊन परत येतो, बाहेरच्याला मात्र रजिस्टरात नोंद असल्याशिवाय सोडत नाही. ती नोंद म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. पण दर पोर्टाला वेगळा गेटपास कोण काढत बसणार? ब्रिज्ड करावं, तर उद्या पालघरला जाताना लोकलमध्ये वायफाय कुठलं?

शेवटी दुसरं ॲडॉप्टर जोडलं, होस्ट-ओन्ली. तेही आपोआप उठेना. नेटप्लॅनच्या फाइलीत दोन ओळी घातल्या (त्यातही एक स्पेस चुकली, वायएएमएलला शिव्या घातल्या). नवा पत्ता १९२.१६८.५६.१०१. पिंगला उत्तर आलं, एका मिलिसेकंदाच्या आत.

आईनं आतून चौथ्यांदा हाक मारली. तिचा पिंग मी तासभर टाळतोय.