अरे, आवाज कुणाचा?

आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा असो, कबड्डीचा सामना असो किंवा गणपतीची मिरवणूक असो, आपल्याकडे पहिला सवाल विचारला जातो तो हाच : 'अरे, आवाज कुणाचा?' उत्तरही ठरलेले असते. ज्याचा गळा मोठा त्याचा! सूर, शब्द, अर्थ या गोष्टींची चौकशी मागाहून, आणि तीही वेळ उरला तर! न्यायशास्त्राच्या पुस्तकात असले अनुमान कोणी लिहिले तर आमचे तर्कशास्त्राचे सर त्याखाली लाल रेघ ओढतील. पण व्यवहारात मात्र हेच अनुमान बिनबोभाट चालते. बिनबोभाट कसले म्हणा, चांगले बोभाटा करीत चालते!

आमच्या खारी गावात हा सवाल आमच्या वाद्यवृंदापुढे अगदी रोकड्या स्वरूपात उभा राहिला, त्याची ही हकीकत.

खारीला 'गाव' म्हणायचे ते आता सवयीने. भाईंदर स्टेशनात पूर्वेला उतरावे, रिक्षावाल्याला 'खारी गाव' म्हणावे, की तो उंच इमारतींच्या रांगांतून आणून सोडतो. २००२ साली मिरा-भाईंदर महानगरपालिका झाली. पण नवघर, गोडदेव, खारी ही नावे महानगराच्या पोटात अजून तग धरून आहेत. परक्या माणसाला खारी म्हटले की चहात बुडवायची खारी आठवते. आम्हाला मात्र आठवतो तो खार. भाईंदरच्या मिठागरांवरून आणि खाडीवरून येणारा वारा असा खारट, की गिटारच्या तारा पंधरा दिवसांत तांबूस पडतात. तारांना खोबरेल पुसणारा गिटारवादक जगात अन्यत्र असेल की नाही, कोण जाणे, खारीत आहे.

आमचा वाद्यवृंद सहा जणांचा : बेंजो, ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, खुळखुळा आणि गिटार. गिटार माझी. आगरी-कोळी घरांतल्या हळदी ही आमची रंगभूमी. पण आमचा खरा मानकरी म्हणजे बेंजो आणि तो वाजवणारे आमचे काका. काकांचे वय साठीच्या पुढे. गेली तीसपस्तीस वर्षे त्यांच्या बेंजोशिवाय आसपासच्या हळदीला हळदीचा रंग चढला नाही, असे जुनी माणसे सांगतात.

या बेंजोचे कूळ मोठे गमतीचे आहे. अमेरिकेतल्या गोल चामड्याच्या बँजोशी त्याचे नाते फक्त नावापुरते. हा खरा जपानी. १९१२ साली नागोया शहरातल्या गोरो मोरिता या गृहस्थाने टाइपरायटरच्या कळा आणि तारा यांची सांगड घालून 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य केले. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले, आणि आमच्याकडे त्याला वीज जोडली गेली, कर्णा लाभला आणि तो बेंजो झाला! आमच्या अंगणात तो इतका रुळला, की त्याला जपानी म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढतील.

असा हा बेंजो अलीकडे मागे पडू लागला. डीजेचा टेम्पो उभा राहिला, की त्याच्या भिंतीएवढ्या पेट्यांपुढे आमची सहाही वाद्ये मिळून डासाच्या गुणगुणीएवढी! मागणी कमी झाली, बिदागी कमी झाली. आणि एके दिवशी काकांनी शांतपणे सांगितले, "ही पुढची हळद झाली की बेंजो पेटीत. पोरांनो, तुम्ही डीजेचा धंदा बघा."

ती पुढची हळददेखील पक्की नव्हती. नवरदेवाच्या वडिलांनी स्पष्टच म्हटले होते, "तुमचा आवाज अंगणभर पोचतो का, ते आधी ऐकवा. नाही तर डीजे सांगतो."

तेव्हा आम्ही अकरा हळदींची साठवलेली बिदागी बाहेर काढली आणि नवा अॅम्प्लिफायर घ्यायचे ठरवले.

गिटारला अॅम्प्लिफायर लागला तोही असाच हतबलतेतून. अमेरिकेतल्या नाचाच्या वाद्यवृंदांत पितळी वाद्यांच्या गलक्यात बिचारी गिटार ऐकूच येईना. मग १९३०च्या सुमारास बोशँप आणि रिकनबॅकर या जोडीने तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवले. पोलादी तार कंप पावली, की वेटोळ्यात विजेची बारीकशी लहर उठते. ती मोठी करून ध्वनिक्षेपकाला द्यायची, एवढेच त्यातले मर्म. पुढे १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल या ड्रमवादकाच्या दुकानातून बारा इंची चार स्पीकरांच्या पेट्या निघू लागल्या. सांगतात, की एका मोठ्या वादकाने आठ स्पीकरांची एकच पेटी मागितली. ती उचलता उचलता हमालांचे कंबरडे मोडू लागले, तेव्हा तिचे दोन तुकडे करून एकावर एक ठेवण्यात आले. मुंबईच्या सिनेमासंगीतातही विजेच्या गिटारने आपले घर केले. १९७१च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मधल्या 'दम मारो दम'च्या गिटारमागची बोटे गायक भूपिंदर सिंग यांची, हे पुष्कळांना माहीत नसते.

आमचा अॅम्प्लिफायर पन्नास वॉटचा, लॅमिंग्टन रोडवरून लोकलच्या मालडब्यातून आणलेला. पेटी मात्र गावच्या सुताराने केली. अठरा मिलिमीटरचे प्लायवूड, सांध्यांना सरस आणि स्क्रू, आत बारा इंची दोन स्पीकर. प्रत्येक स्पीकर आठ ओहमचा. दोन्ही समांतर जोडले की चार ओहम. अॅम्प्लिफायरला तेवढेच सोसते, त्याखाली गेले तर तो तापून जळायचा. पेटीची पाठ बंद ठेवायची की उघडी, यावर आमच्यात दोन रात्री वाद झाला. स्पीकरचा पडदा पुढे ढकलतो तेव्हा मागे हवा ओढतो. पाठ उघडी असली की मागची लाट वळसा घालून पुढे येते आणि खर्जाचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून पाठ बंद.

सुताराने हे सारे ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हणजे भोपळाच की!" त्याने एका वाक्यात शास्त्र संपवले. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला भोपळा जोडतात तो याचसाठी. नुसत्या तारेला आवाज असतो कितीसा? तारेचे बोलणे हवेपर्यंत पोचवायला पोकळी लागते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. खारीच्या आमच्या पेटीला ते मिळण्याचा संभव कमी, पण जात तीच!

चाचणी ठरली रविवारी दुपारी चारला, मंडळाच्या खोलीपुढच्या अंगणात. नवरदेवाचे वडील खुर्ची टाकून बसले. पोरेटोरे जमली. मी कळ दाबली आणि आधी निघाला तो नुसता घुंऽऽ असा आवाज. भिंतीतल्या विजेच्या जोडणीला अर्थिंगच नव्हते. शेजारच्या घरातून अर्थिंगची तार ओढून आणली, तेव्हा भुंगा उडाला. मग पहिला खर्ज छेडला. माझ्या पोटरीवर पॅंट थरथरली! खरे सांगतो, त्या क्षणी मला वाटले की आवाज आपलाच.

आम्ही आवाज चढवत गेलो. सहावर बटण आले तसा कुठून तरी खणखण असा नाद येऊ लागला. सगळे स्क्रू तपासले, पेटी ठोकून पाहिली, सुतार रागावला. शेवटी शोध लागला, की समोरच्या घरातल्या मांडणीवरची स्टीलची एक परात ठरावीक स्वर आला की आपणहून गाऊ लागते. भौतिकशास्त्रात याला अनुनाद म्हणतात. परातीच्या मालकीणबाई नात्याने सगळ्यांच्या आजी, आणि गावातल्या धवलारीण. लग्नात मांडव घालण्यापासून वरात निघेपर्यंत एकेक विधीचे धवले तोंडपाठ म्हणणाऱ्या. त्या दारात येऊन कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या,

"आरं पोरांनो, यवरा आवाज कुनाला आयकवताव?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि परातीला त्रास देणारा स्वर कमी करावा म्हणून अॅम्प्लिफायरकडे वळलो. माझी पाठ लोकांकडे, डावा हात गिटारवर तसाच चालू. आणि बेंजो थांबला.

मी वळून पाहिले. काका माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे म्हणजे माझ्या डाव्या हाताकडे. मी पुन्हा समोर तोंड केले, तशी त्यांची बोटे कळांवर चालू लागली. पुन्हा पाठ वळवली. पुन्हा बेंजो अडखळला. गेली दोन वर्षे काका माझी गिटार ऐकत नव्हते, तर पाहत होते! एवढ्या मोठ्या आवाजाच्या पेटीपुढे बसून त्यांना तारसप्तकातला माझा एकही स्वर नीट उमगत नव्हता.

त्यांनी पुष्कळ वेळाने सांगितले, "उजव्या बाजूला कर्णा असायचा. तीस वर्षं. आता त्या कानात किडे बोलतात."

कानाच्या आतल्या शंखाकृती पोकळीत बारीक केसांच्या पेशी असतात. आवाजाच्या माराने त्या एकदा मेल्या, की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आणि आधी मरतात त्या बहुधा उंच स्वर टिपणाऱ्या. याचा हिशेबही तज्ज्ञांनी मांडून ठेवला आहे : ८५ डेसिबल आवाजात आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ला चार तास, ९१ला दोन, आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. आमची एक हळद चालते चार तास!

दुसराही एक हिशेब आहे आणि तो डीजेशी स्पर्धा करू पाहणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावा. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो केवळ तीन डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला हवा असेल, तर वॉट साधारण दहापट लागतात. पन्नासचे पाचशे, पाचशेचे पाच हजार. ही शर्यत आमच्या बिदागीने कोणत्या जन्मी जिंकायची? आणि जिंकलोच, तर तिचे बक्षीस काय? काकांचा उजवा कान!

मग त्या दुपारी आम्ही पेटीची जागा बदलायला घेतली. जमिनीवरच्या पेटीचा आवाज जातो गुडघ्यांकडे, आणि गुडघ्यांना कान नसतात. शिवाय बारा इंची स्पीकरचे उंच स्वर विजेरीच्या झोतासारखे सरळ जातात. झोताबाहेरच्याला ते मंद वाटतात, म्हणून तो आवाज वाढवायला सांगतो, आणि झोतातल्याचे कान फाटतात. आम्ही पेटी स्टुलावर चढवली, पुढच्या कडेखाली विटेचा तुकडा दिला, आणि ती काकांच्या डाव्या अंगाला, चांगल्या कानाच्या बाजूला, थोडी दूर ठेवली. कीबोर्डचा खर्ज उतरवला. मी मधल्या पट्टीत वाजवू लागलो. बटण सहावरून चारवर आले, मग तीनवर.

काका वाजवू लागले. मी मुद्दाम पाठ फिरवली. बेंजो थांबला नाही. पुन्हा समोर वळलो तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते.

आवाज कमी झाल्यावर एक नवल घडले. अंगणाच्या टोकाला बसलेल्या माणसालाही ढोलकीची थाप वेगळी, बेंजोची तार वेगळी ऐकू येऊ लागली. परात गप्प झाली. आणि दारात उभ्या असलेल्या आजी, कोणी न सांगता, हळदीचा धवला गुणगुणू लागल्या. मायक्रोफोन नाही, तार नाही. मी बटण अगदी एकवर आणून त्यांच्या सुराखाली नुसता षड्ज धरून ठेवला. समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची एक बाई खिडकीत येऊन उभी राहिली. आजीचा आवाज तिथवर पोचला होता.

नवरदेवाचे वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सुरुवातीला हे. धवले झाल्यावर तुम्ही. आणि दहाला बंद." रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक वाजवू नये, हा नियम २००० सालापासून कागदावर आहे, आमच्या अंगणात तो पहिल्यांदाच कोणी आपणहून उच्चारला. डीजे आणणार की नाही, याविषयी ते बोलले नाहीत. वरातीला आणतीलही. तेवढा पराभव आम्ही पदरात घेतला आहे.

काका मुलीबरोबर कान तपासून घ्यायला जायचे कबूल झाले आहेत. गेलेले परत येणार नाही, हे त्यांनाही कळते. उरलेले राखायचे आहे. बेंजो पेटीत घालण्याची गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा काढलेली नाही, आणि आम्हीही विचारलेली नाही. खाऱ्या वाऱ्यापासून बचाव म्हणून नव्या पेटीला त्यांनीच जुन्या ताडपत्रीचे आवरण शिवून दिले आहे. बटणाशेजारी तिसऱ्या आकड्यावर त्यांनी हळदीचे एक बोट उमटवून ठेवले आहे. त्यापुढे बटण न्यायचे, तर काकांना विचारून!