खो देण्याची विद्या

दिवाळीस आमच्या अमरावतीच्या घरीं सारें कुटुंब जमलें कीं एक प्रश्न ठरलेला असतो. आमच्या वृद्ध काकू विचारतात, "अरे, तूं पुण्याला करतोस तरी काय?" वकील, वैद्य, मास्तर यांचें काम त्यांना कळतें, परंतु संगणकाच्या कंपनींत राहून जो स्वतः सॉफ्टवेअर लिहीत नाहीं आणि कोणाचा साहेबही नाहीं, त्याला पगार कशाबद्दल मिळतो, हें कोडें त्यांना आजवर उलगडलेलें नाहीं. खरें सांगावयाचें तर पहिलीं दोन वर्षें तें आम्हांलाही उलगडलें नव्हतें.

आमचें काम म्हणजे सात-आठ जणांच्या तुकड्यांना 'अजाइल' पद्धति शिकविणें. अजाइल म्हणजे चपळ. २००१ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील युटा राज्यांत स्नोबर्ड येथें सतरा अनुभवी संगणकज्ञ जमले व त्यांनीं चार सूत्रांचा एक लहानसा जाहीरनामा लिहिला. नियम व साधनें यांच्यापेक्षां माणसें व त्यांचा परस्परसंवाद अधिक मोलाचा, हें त्यांतील पहिलें सूत्र. वर्षभर खपून एकदम मोठी वस्तु ग्राहकापुढें ठेवण्याऐवजीं थोडें करावें, दाखवावें, चुकलें तर सुधारावें, हा त्याचा व्यवहारांतला अर्थ. या पंथांतील अतिशय रूढ रीत 'स्क्रम' ही होय. हें नांव रग्बीच्या खेळांतलें. ताकेउची व नोनाका या दोन जपानी पंडितांनीं १९८६ सालीं एका लेखांत नवा माल घडविणाऱ्या तुकडीला रग्बीच्या संघाची उपमा दिली, तेथून तें आलें. या रीतींत रोज पंधरा मिनिटांची बैठक असते, आणि ठराविक आठवड्यांनीं सर्वांनीं मिळून झाल्या कामाचें सिंहावलोकन करावयाचें असतें.

हें सारें आम्हांस मुखोद्गत होतें. मात्र आमची पंधरा मिनिटांची बैठक चाळीस मिनिटें चाले. प्रत्येक जण आमच्याकडे पाहून कालच्या कामाची हजेरी देई. शेजाऱ्याकडे कोणी पाहत नसे. अडचण निघाली कीं उत्तर आम्हीच देत असूं, आणि तीच आपली कर्तबगारी असें मानीत असूं.

त्या तुकडींत अकोल्याकडची एक मुलगी नव्यानें आली होती. एके दिवशीं ती म्हणाली, "बिलाच्या हिशेबांत मला थोडी शंका—" वेळ होत आला होता. "आपण मागाहून पाहूं," असें म्हणून आम्हीं तिला थांबविलें. तें मागाहून कधीं आलेंच नाहीं. पुढें दोन आठवड्यांनीं तीच चूक ग्राहकाच्या हिशेबांत निघाली. तुकडीनें तीन रात्री जागून ती निस्तरली. नंतरच्या सिंहावलोकनांत आम्हीं विचारलें, "हें कोणाच्या लक्षांत कसें आलें नाहीं?" बराच वेळ सर्व स्तब्ध होते. मग ती हळूच म्हणाली, "मीं सांगत होतें, सर. तुम्हांला घाई होती." आम्हांला मान वर करवेना.

त्या वर्षीं दिवाळीस आलों तें हें शल्य घेऊनच. एका सायंकाळीं श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर गेलों. १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं स्थापन केलेली ही संस्था. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं येथील पथकानें आपल्या देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं, ही गोष्ट अमरावतीकर अद्यापि अभिमानानें सांगतो. त्या दिवशीं मुलांचा खो-खो चालला होता. या खेळांत पाठलाग करणारे आठ गडी ओळीनें एकाआड एक उलट दिशांना तोंडें करून बसतात; नववा धांवतो. त्याला मधली रेषा ओलांडतां येत नाहीं, कीं मध्येंच मागें वळतां येत नाहीं. बसलेल्यास पाठीमागून खो मिळाल्याशिवाय उठतां येत नाहीं. धांवणारा मुलगा फार चपळ होता. पण खो देईना. तो दमून गेला, गडी निसटत राहिले, आणि आठ ताजेतवाने गडी बसून राहिले. त्यांचे गुरुजी मात्र कडेला उभे राहून गप्प होते. डाव संपल्यावर त्यांनीं मुलांना एवढेंच विचारलें, "आज कोण कोण बसूनच राहिलें?" मुलें आपसांत बोलूं लागलीं; धांवणारा मुलगा स्वतःच म्हणाला, "मीं खो द्यायला पाहिजे होता."

पुण्यांत तो धांवणारा मुलगा आम्हीच होतों!

परत गेल्यावर आम्हीं बैठक चालविण्याचें काम तुकडींतील प्रत्येकाकडे पाळीपाळीनें दिलें. प्रश्न निघाला कीं मनांत वीस अंक मोजीपर्यंत बोलावयाचें नाहीं, असा नेम केला. पहिले कांहीं दिवस ती शांतता असह्य होई. पण बहुधा पंधराव्या अंकाच्या आंत कोणीतरी बोले. सर्वच साधलें असें मात्र नव्हे. तुकडीनें आपल्या अंदाजासाठीं कामाला दिलेले गुण दरवेळीं वाढले पाहिजेत, असें वरिष्ठांनीं फर्माविलें. तेव्हां गुण वाढले, काम तेवढेंच राहिलें. त्यांना हें पटविण्यांत आम्हांला अद्यापि पुरतें यश आलेलें नाहीं. शिवाय एका हुशार गृहस्थांना ही रीत मानवली नाहीं. ते तुकडी सोडून गेले.

मध्यंतरीं एके सकाळीं बैठकींत आम्ही रंगांत येऊन बोलत होतों. ती अकोल्याकडची मुलगी त्या दिवशीं बैठक चालवीत होती. तिनें घड्याळाकडे पाहून म्हटलें, "सर, पंधरा मिनिटें झालीं." क्षणभर राग आला, हें कबूल केलें पाहिजे. मग आम्ही मुकाट्यानें खालीं बसलों.

यंदा काकूंनीं पुन्हां तोच प्रश्न केला. आम्हीं म्हटलें, "काकू, मी खो द्यायला शिकतो आहें." त्यांनीं माजघराकडे पाहिलें. फराळाचें सारें सुना आपसांत ठरवीत होत्या. भांडाराची किल्ली काकूंनीं त्यांच्या हातीं देऊन बरींच वर्षें झालीं होतीं. त्या हंसून म्हणाल्या, "त्याला पगारही मिळतो होय?"