आतां या वयांत कशाला?

सुश्रुतानें पक्षाघात वातव्याधींत गणला, आणि आमच्या गिरगांवच्या चाळींतून अद्यापि कोणी कोणी 'अंगावरून वारा गेला' असेंच म्हणतात. शब्दाशीं आमचें भांडण नाहीं. परंतु वाऱ्यावर तेल चोळीत बसण्याची रूढि त्याच्या मागोमाग येते, आणि रक्ताची गुठळी तेलानें हालत नाहीं.

बहुतेक पक्षाघात मेंदूच्या रक्तवाहिनींत गुठळी अडकल्यानें होतात. मोठी वाहिनी बुजल्यास मिनिटागणिक सुमारें 19 लक्ष मज्जापेशी मरतात, असा हिशेब 2006 सालीं मांडला गेला. गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. मोठी गुठळी त्यास पुष्कळदां दाद देत नाहीं. तेव्हां जांघेंतील धमनींतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन ती ओढून काढतात. विहिरींत पडलेली कळशी गळानें काढावी, तसा हा प्रकार!

म्हाताऱ्यांस हें सोसेल काय? 2016 सालीं 'लॅन्सेट' नियतकालिकांत पांच चाचण्यांतील 1287 रुग्णांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. गुठळी काढलेल्या शंभरांपैकीं 46 जण तीन महिन्यांनीं स्वतःचें स्वतः करूं लागले होते. इतरांत हें प्रमाण 26 च्या आसपास. ऐंशी व त्यापुढील वयाच्या रुग्णांसही लाभ दिसला. वृद्धांस धोका अधिक, हें खरें; आधींच अंथरुणास खिळलेल्याची गोष्टही निराळी. पण नुसतें जन्मसाल पाहून नकार देणें शास्त्रास धरून नाहीं.

नकार येतो तो बहुधा घरांतून, आणि मायेपोटीं येतो. आमच्या एका वयोवृद्ध शेजाऱ्यांचें तोंड पहांटे वाकडें झालें. "सूनबाई, त्याला उठवूं नको, कामावर जायचें आहे," असें ते अडखळत म्हणाले. सूनबाईंनीं ऐकलें नाहीं. रुग्णालयांत पहिला प्रश्न आला तो हाच, कीं शेवटचे धड केव्हां होते? "रात्रीं दहाला दूध घेतलें तेव्हां," हें त्या माउलीस ठाऊक होतें. 2018 च्या दोन चाचण्यांनंतर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही गुठळी काढतात. मात्र हा 'उद्यां पाहूं' म्हणण्याचा परवाना नव्हे. शेजारी आज काठी घेऊन चालतात, पण आपल्या हातानें जेवतात.

परळ-दादरकडे कोठें ही सोय रात्रंदिवस आहे, याची चौकशी प्रत्येक घरानें आधींच करावी. रक्तस्रावानेंही पक्षाघात होतो. म्हणून मेंदूचें चित्र निघेपर्यंत घरची कोणतीही गोळी देऊं नये. आम्ही घरीं सांगून ठेविलें आहे: तोंड वांकलें, हात लुळा पडला किंवा वाणी अडखळली, कीं 108 ला दूरध्वनि करावा, खुर्चींत बसवून जिना उतरवावा, आणि "आतां या वयांत कशाला" असें आम्ही म्हटलें, तर तें ऐकूं नये.